लहान मुलांना मेंढी आणि लोकर शिकवताना: कापूस बाजूला ठेवा, क्रम पाळा

बालवाडीच्या भिंतीवर मेंढीचं चित्र असतं: पांढरंशुभ्र, गुबगुबीत, अंगभर कापसाचे बोळे चिकटवलेलं. मुलं ते बोळे मन लावून चिकटवतात आणि मेंढीच्या अंगावर कापूस येतो हे त्याच तासात शिकून घरी जातात. पुढे दुसरी-तिसरीत कापसाचं झाड दाखवलं की ती गोंधळतात, आणि आपल्याला वाटतं मुलाचं लक्ष नव्हतं.

दुसरी चूक दुकानातून येते. लोकरीचा गुंडा म्हणून जो रंगीत गुंडा आपण वर्गात आणतो तो बहुतेक वेळा ॲक्रिलिकचा असतो, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा धागा. तिसरी चूक क्रमाची. आधी स्वेटर, मग चित्र, मग गाणं, आणि खरी मेंढी शेवटी किंवा कधीच नाही.

खालचा क्रम ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडी, बालवर्ग, पहिली-दुसरी, किंवा घरी दोन-तीन मुलांना घेऊन बसणारे आईवडील, सगळ्यांना तो चालतो. रोज पाऊण तास धरला तर दोन आठवडे लागतात. मेंढी दख्खनी धरली आहे, कारण महाराष्ट्राच्या पठारावर मुलाला रस्त्याच्या कडेला दिसते ती बहुतेक हीच.

तयारी: दोन-तीन आठवडे आधी

सगळ्यात आधी खरी लोकर मिळवा. ती हातात आल्याशिवाय विषय सुरू करू नका. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून सहसा दोनदा कातरतात, पण महिने भागाप्रमाणे बदलतात, म्हणून मेंढपाळालाच विचारा. एका मेंढीची एका वेळची लोकर काहीशे ग्रॅमच भरते. वीस मुलांना अर्धा किलो कच्ची लोकर पुरते. धूळ, काटे, कुसळं गेल्यावर ती बरीच घटते, म्हणून त्याहून कमी आणू नका. आज पुष्कळ मेंढपाळांच्या लोकरीला गिऱ्हाईक नाही, कातरणीची मजुरीही सुटत नाही, त्यामुळे कोणी ती फुकट देऊ करेल. तरी पैसे द्या, आणि मुलांसमोर द्या. एका माणसाच्या कष्टाची वस्तू आपण विकत घेतली, हाही या धड्याचाच भाग आहे.

इशारा: लोकर निरोगी कळपाचीच घ्या. कळपात नुकत्याच मेंढ्या अचानक दगावल्या असतील किंवा खरूज असेल तर तिथली लोकर वर्गात आणू नका. ओली, कुबट वास मारणारी लोकरही नको.

मग कळप कुठे आहे ते शोधा. पावसाळ्यात माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला, पारनेर या भागांतले मेंढपाळ बहुधा आपापल्या गावी असतात. दसरा-दिवाळीनंतर वाडे, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचे मेंढ्यांसह फिरते तळ, चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात, पुणे जिल्ह्यात, कोकणात, कापणी झालेल्या शिवारांत उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे पुण्याच्या शाळेने जुलैत भेट ठरवली तर जवळपास कोणी भेटणार नाही, आणि आटपाडीच्या शाळेने जानेवारीत ठरवली तरी तेच. कळप अजिबात मिळत नसेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्राला, म्हणजे मेंढ्या पाळतात त्या फार्मला, विचारा. रांजणी (सांगली), दहिवडी (सातारा), महूद (सोलापूर), पडेगाव (छत्रपती संभाजीनगर) इथे अशी प्रक्षेत्रं आहेत. आधी लेखी परवानगी लागेल असं धरूनच चला.

बाकी सामान साधं आहे: सरकीसकट कापसाची बोंडं, औषधांच्या दुकानातला थोडा कापूस, ॲक्रिलिकचा एक गुंडा, जुन्या घोंगडीचा तुकडा, दहा-बारा रिठे, कांदे येतात ती जाळीची पिशवी, मूठभर चिंचोके, जाड पुठ्ठा, सुती दोरा, बोथट प्लास्टिकच्या सुया. घोंगडीसाठी पालकांना चिठ्ठी पाठवा. आजोळी कुणाकडे तरी निघतेच. त्याच चिठ्ठीत दमा आणि ॲलर्जीबद्दल विचारून घ्या. कच्च्या लोकरीची धूळ दम्याच्या मुलाला त्रास देते. त्याला धुतलेलीच लोकर हाताळू द्या.

आणखी एक तयारी आपल्या मनाची. वर्गात मेंढपाळाचं मूल असेल तर त्याला आदल्या दिवशी एकट्याला बोलावून सांगा की उद्यापासून मेंढ्यांबद्दल शिकायचं आहे, तुला काय काय माहीत आहे? त्याला सगळ्यांसमोर उभं करून "हा बघा, यांच्याकडे मेंढ्या आहेत" असं म्हणू नका. मूल आपणहून बोलू लागलं तर मात्र खडू त्याच्या हातात द्या. त्याला जे माहीत असतं ते आपल्याला पुस्तकात सापडत नाही.

टप्पा १: नाव न सांगता हात लावू द्या

चार कापडी पिशव्या घ्या. एकीत कापसाचं बोंड, दुसरीत ॲक्रिलिकचा धागा, तिसरीत धुतलेल्या लोकरीचा पुंजका, चौथीत घोंगडीचा तुकडा. (या टप्प्यासाठी मूठभर लोकर तुम्ही आधीच धुऊन ठेवा. रीत टप्पा ५ मध्ये आहे.) मुलांनी न बघता हात घालायचा आणि काय वाटलं ते सांगायचं. टोचतं, गुदगुल्या होतात, ताटलीच्या घासणीसारखं आहे, जे येईल ते फळ्यावर लिहा. कुठलंच उत्तर दुरुस्त करू नका आणि नावं सांगू नका.

मग कापूस, लोकर आणि घोंगडी या तीन जिनसा ताटलीत ठेवून प्रत्येकीवर पाण्याचा थेंब टाका. औषधांच्या दुकानातला कापूस थेंब पिऊन टाकतो. (बोंडातला कच्चा कापूस इथे चालत नाही, त्यावर नैसर्गिक मेण असतं.) लोकरीवर, घोंगडीवर तो बराच वेळ मण्यासारखा बसून राहतो. पावसात मेंढपाळ डोक्यावर घोंगडीची खोळ का घेतो, याचं निम्मं उत्तर मुलांना इथेच मिळतं.

शेवटी जाळून बघायची चाचणी. ती फक्त मोठ्यांनी करायची, मोकळ्या हवेत, चिमट्यात धरून, मुलं चार हात लांब. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. कापूस कागदासारखा जळतो. ॲक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. केसाचा वास मुलं लगेच ओळखतात. "मग हे कुणाचे तरी केस आहेत का?" हा प्रश्न विचारून तास संपवा. उत्तर उद्यावर ठेवा.

तपासणी: डोळे मिटून कापूस, लोकर आणि ॲक्रिलिक वेगळं करता येतं का? निम्म्याहून जास्त मुलांना येत नसेल तर उद्या हेच परत. पुढे जाऊ नका.

टप्पा २: मेंढी कोण, शेळी कोण

फोटो वापरायचे तर दख्खनी मेंढीचेच. काळी, तपकिरी, ठिपक्यांची, पाय बारीक, कान लोंबते, नाकाचा उंचवटा. परदेशी पांढऱ्या मेंढीचा फोटो पहिल्या दिवशी दाखवला की तीच डोक्यात बसते, आणि वाड्यावर गेल्यावर मुलं विचारतात, "यात मेंढी कुठली?"

शेळीशी गल्लत सगळ्यात जास्त होते. मुलांना दोनच खुणा द्या. शेळीचं शेपूट बहुतेक वर उचललेलं असतं, मेंढीचं खाली लोंबतं. शेळी मान वर करून, पुढचे पाय झाडाला टेकवून पाला खाते. मेंढी मान खाली घालून जमिनीवरचं चरते. दाढी-शिंगांवरून ओळखायला शिकवू नका, त्यात अपवाद फार.

शब्द सहाच: मेंढी, मेंढा, कोकरू, कळप, वाडा, रवंथ. मोठ्या मुलांना दोन गोष्टी जास्तीच्या सांगता येतात. मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक हिरडी असते. खालचे दात आणि ती हिरडी यांत धरून ती गवत तोडते. आणि पोटात कोकरू साधारण पाच महिने वाढतं.

चित्र काढायला देताना काळे, तपकिरी, करडे खडू पुढे ठेवा. अंगावर काही चिकटवायचंच असेल तर खऱ्या लोकरीची चिमूट द्या.

टप्पा ३: वाड्यावर जाणं

बहुतेक शाळा सकाळी दहाच्या पुढे पोहोचतात. तोवर कळप चरायला गेलेला असतो, वाड्यावर बाई माणसं, लहान कोकरं आणि रिकामं रान. मुलं कंटाळतात, शिक्षक म्हणतात मजा आली नाही. जायचं तर सकाळी कळप सुटायच्या आधी, नाहीतर संध्याकाळी कळप परतताना. मला विचाराल तर संध्याकाळच निवडा. दिवसभर वाड्यावर राहिलेली कोकरं आणि रानातून आलेल्या आया एकाच वेळी ओरडू लागतात, आणि त्या गलक्यात प्रत्येक मेंढी आवाजावरून, वासावरून आपलंच कोकरू शोधून काढते. दुसऱ्याचं कोकरू पाजायला आलं तर ढकलून देते. हे पाहिलेल्या मुलाला "कळप" हा शब्द पुन्हा समजवावा लागत नाही.

जाण्याआधी तुम्ही एकट्याने एकदा जाऊन या. ही चक्कर टाळू नका. कुत्री किती आहेत, घोडी कुठे बांधतात, हात धुवायला पाणी आहे का, मारका मेंढा आहे का, हे तेव्हाच कळतं. पाणी तिथे लांबून आणलेलं असतं, म्हणून शाळेचं पाणी आणि साबण सोबत न्या, त्यांचं वापरू नका. दहा-बारा मुलांहून मोठा गट नको, आणि पाच मुलांमागे एक मोठं माणूस हवं. दोन वर्ग असतील तर दोन दिवस जा.

वाड्यावर पोहोचल्यावरचा क्रम असा:

१. आधी लांब उभं राहायचं. कुत्री धरली आहेत असं मामांनी, म्हणजे मेंढपाळाने, सांगेपर्यंत कुणी पुढे जायचं नाही.
२. पाच मिनिटं नुसतं बघायचं आणि ऐकायचं. बोलायचं नाही.
३. मग वाघर बघायची, म्हणजे मेंढ्या रात्री कोंडायची जाळी. जाळीत शेतातच मेंढ्या का बसवतात हे मामांना विचारायचं. लेंडी आणि मुताचं खत शेताला मिळतं आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. मुलांना हे फार आवडतं, आणि मेंढी फक्त लोकरीसाठी पाळतात हा समजही इथेच सुटतो.
४. शेवटी एकेका मुलाने, मेंढपाळाने धरून ठेवलेल्या शांत मेंढीच्या पाठीवर हात ठेवायचा. वरून धुळकट आणि राठ लागते. बोटं आत घातली की ऊब लागते. बोटांना लागणारा किंचित तेलकटपणा दाखवा. पहिल्या टप्प्यात थेंब का बसून राहिला ते इथे जोडा.

इशारा: मागून मेंढ्याजवळ जायचं नाही, घोडीच्या मागे उभं राहायचं नाही. नुकत्याच व्यालेल्या मेंढीला, ओल्या कोकराला हात लावायचा नाही. सोबतच्या बाईंपैकी कोणी गरोदर असतील तर त्यांनी व्यायच्या हंगामात वाड्यावर येऊ नये. व्यालेल्या मेंढीकडून काही आजार गर्भाला पोहोचू शकतात. तोंडाभोवती पुरळ-खपल्या असलेल्या मेंढीपासून मुलं दूर ठेवा. हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊचा डबा उघडायचा नाही. घरी गेल्यावर कपडे झटकून गोचीड बघायला पालकांना सांगा.

फोटो काढण्याआधी विचारा. वाड्यावरची बाई चुलीपाशी काम करत असते, ते तिचं घर आहे. मुलांनी तिला मावशी म्हणून हाक मारावी, पाल उघडून आत डोकावू नये. भेटीचा मोबदला आदल्या चकरेतच ठरवा. एका मेंढपाळाची संध्याकाळ आपण घेतो, ती त्याची कामाची वेळ असते.

टप्पा ४: कातरणी समजावणं

प्रत्यक्ष कातरणी दाखवायची तर सहा वर्षांच्या पुढच्याच मुलांना. मेंढीला आडवी पाडून, पाय धरून किंवा बांधून कातरतात, ती धडपडते, आणि लहान मुलं घाबरून रडतात. एकदा तसं झालं की लोकर म्हणजे मेंढीला दुखवून काढलेली वस्तू हे मनात राहतं. लहानांना आधी त्यांच्याच नखांची आणि केसांची आठवण द्या. कापताना दुखतं का? ओढलं तर?

मग मोज्यात चिंध्या भरून गोळा करा, त्यावर लोकर सैलसर गुंडाळा आणि बोथट कात्रीने मुलांना कातरू द्या. एक मूल गोळा धरेल, दुसरं कातरेल. कात्री अंगालगत चालवली की लांब तंतू मिळतात. वरवर कापून पुन्हा खालून कापलं की बारीक तुकडे पडतात आणि त्यांचं सूत होत नाही. हे मुलांच्या हातून चुकू द्या, तुकडे जपून ठेवा. टप्पा ६ मध्ये लागतील.

सहसा मेंढ्यांना कातरण्याआधी ओढ्यात किंवा नदीत धुतात, हेही सांगा. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, म्हणजे जावळ, सगळ्यात मऊ असते; मिळाली तर चिमूटभर वेगळ्या डबीत ठेवून दोन्ही बोटांनी तुलना करायला द्या.

तपासणी: "लोकर काढल्यावर मेंढीचं काय होतं?" याचं उत्तर "ती मरते" असं आलं तर हा टप्पा पुन्हा घ्या. उत्तर "परत लोकर येते" असं हवं.

टप्पा ५: धुणं

इथे घाई झाली की सगळी लोकर वाया जाते.

१. आधी काटे, कुसळं, लेंड्या वेचा. हे मोकळ्या अंगणात, मोठ्यांनी तोंडाला रुमाल बांधून.
२. लोकर सैल भरून जाळीच्या पिशवीत घाला आणि साध्या पाण्यात रात्रभर बुडवा. सकाळी पाणी मातकट होईल. दोन-तीनदा बदला.
३. रिठे रात्रभर भिजवून, उकळून, गाळून घ्या. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात ते मिसळा आणि पिशवी वीस मिनिटं नुसती बुडवून ठेवा. चोळायची नाही, आपटायची नाही.
४. तितक्याच कोमट पाण्याने दोनदा खळबळा. गरमातून एकदम गार पाण्यात टाकू नका.
५. पिळायची नाही, दाबून पाणी काढायचं. सावलीत चादरीवर पसरायची.

इशारा: कपडे धुण्याचा सोडा वापरू नका, लोकर कुजल्यासारखी तुटते. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर झोंबतं. मुलांच्या हाती पिशवी खळबळण्याआधीचं काम देऊ नका.

एक पुंजका मात्र मुद्दाम बाजूला काढा आणि मुलांना गरम पाण्यात साबण लावून मनसोक्त चोळू द्या. दहा-पंधरा मिनिटांत तो गुंतून घट्ट होतो आणि सुटता सुटत नाही. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात, ते चोळण्याने एकमेकांत अडकतात. भिंगातून खवले दिसणार नाहीत, पण तो गोळा हातात असला की मुलांना पटतं.

टप्पा ६: पिंजणं आणि पीळ

वाळलेली लोकर बोटांनी मोकळी करा. पुंजका दोन्ही हातांत धरून अलगद ताणायचा, तुटेपर्यंत नाही. हे काम चार वर्षांचं मूलही करतं, आणि ते मिनिटात उरकू नका. एक पूर्ण तास द्या. राहिलेली कुसळं याच वेळी गळतात. तारेचे ब्रश वापरायचे तर सहा वर्षांच्या वरच्यांनाच, शेजारी बसून.

पिळासाठी पेन्सिलीला तारेचा बोथट आकडा बांधा. एक मूल लोकरीचं टोक आकड्यात अडकवून पेन्सिल फिरवतं, दुसरं पुंजक्यातून थोडी थोडी लोकर सोडतं. फिरवायचं एकाच दिशेने. हात बदलला की मुलं उलटं फिरवतात आणि झालेला पीळ सुटून धागा हातात येतो. मनगटावर बाणाची खूण काढून दिली की ही चूक थांबते. टप्पा ४ मधले बारीक तुकडे आता पिळायला द्या. ते गळून पडतात, आणि कातरणी नीट का हवी हे न सांगता कळतं.

तपासणी: धागा मधोमध दुमडा. तो आपोआप स्वतःभोवती गुंडाळला गेला तर पीळ पुरेसा आहे. लोंबतच राहिला तर अजून फिरवा.

मोठ्यांपैकी कुणाला टकळी येत असेल तर त्यांना बोलवा आणि मुलांना नुसतं बघू द्या.

टप्पा ७: खळ आणि विणकाम

चिंचोके भाजून, रात्रभर भिजवून, टरफलं काढून वाटा आणि पाण्यात शिजवा. चिकट खळ तयार होते. घोंगडी विणणारे उभ्या धाग्यांना कुंचल्याने हीच खळ लावतात. आपल्या सुताचा एक तुकडा खळीत बुडवून वाळवा, एक तसाच ठेवा. खळ लावलेल्याचे बाहेर आलेले तंतू बसलेले असतात, ताणलं तरी तो सहज तुटत नाही.

मागासाठी पुठ्ठ्याच्या दोन्ही कडांना एक-एक सेंटीमीटरवर खाचा पाडा. उभा धागा सुती घ्या. मुलांनी कातलेलं सूत उभं ताणलं तर ते तुटतं, आणि दोन आठवड्यांच्या मेहनतीनंतर ते मुलाला फार लागतं. त्यांचं सूत आडवं जाऊ द्या: एका धाग्यावरून, एकाखालून, पुढच्या ओळीत उलट. आडवा धागा ओढून घेऊ नका, नाहीतर तुकडा मधे कमरेसारखा आवळतो. तिरका टाकायचा आणि जुन्या कंगव्याने खाली दाबायचा. काळं, तपकिरी, पांढरं, जे नैसर्गिक रंग मिळाले असतील तेच वापरा, रंगवू नका. चार बोटं रुंद तुकडा पुरे.

मुलं विचारतील तेव्हा

"मेंढीचं मटण करतात का?" हा प्रश्न येतोच. हो म्हणा. महाराष्ट्रात आज बऱ्याच मेंढपाळांची कमाई लोकरीपेक्षा मटणासाठी विकलेल्या मेंढ्यांवर आणि खतावर चालते. लोकरीसाठी मेंढी मारत नाहीत, हे वेगळं करून सांगा आणि तिथेच थांबा. काही घरांत मटण खातात, काहींत नाही. वर्गात त्यावर मत द्यायचं कारण नाही. खोटं उत्तर दिलं तर वर्गातलंच एखादं मूल ते खोडून काढेल.

"घोंगडी टोचते, मग स्वेटर का टोचत नाही?" दख्खनी लोकरीचे तंतू जाड, मरिनो मेंढीचे फार बारीक, आणि पुष्कळ स्वेटर तर लोकरीचे नसतातच. टप्पा १ मधली वितळलेली गोळी पुन्हा दाखवा.

उरलेली लोकर

पुढच्या वर्षीसाठी ठेवायची तर पूर्ण धुतलेली आणि खडखडीत वाळलेलीच ठेवा. मळकट लोकरीला कसर लवकर लागते. सुती पिशवीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालून पिशवीचं तोंड घट्ट बांधा आणि दर दोन-तीन महिन्यांनी उन्हात झटका. पिशवीत बारीक जाळी किंवा भुसा दिसला तर ती लोकर इतर सामानात मिसळू नका. पिशवीवर कळपाचा भाग आणि कातरणीचा महिना लिहून ठेवा, पुढच्या वेळी कुणाकडे आणि कधी जायचं ते शोधावं लागणार नाही.